गाडीत ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल ओतायला नरसाळं कसं निवडायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीची छोटीमोठी कामं घरी करणारे लोक पाने घेताना, जॅक घेताना दहा वेळा विचार करतात आणि नरसाळं मात्र हाताला लागेल ते उचलतात. माझंही बरीच वर्षं तसंच चाललं होतं. पण इंजिनात, ब्रेकमध्ये, रेडिएटरमध्ये आपण जे काही ओततो ते आधी नरसाळ्याच्या आतल्या भिंतीवरून घसरत जातं, त्यामुळे त्या भिंतीला जे चिकटलेलं असेल ते पण गाडीत जातं. खालचे प्रश्न मला लोक नेहमी विचारतात.

नरसाळं खरंच लागतं का? बाटलीतूनच ओतलं तर काय होतं?

ऑइल टाकायचं तोंड मोठं आणि समोरच असेल, आणि बाटली नवी १ लिटरची असेल, तर नरसाळ्याशिवाय जमतं. फक्त बाटली आडवी धरायची आणि तिचं तोंड वरच्या अंगाला येईल अशी धरायची, म्हणजे ऑइल खाली यायच्या आधी हवा आत जाते आणि भसकन उसळत नाही. बहुतेक लोक बरोबर उलटं धरतात.

पण चार-पाच लिटरचा कॅन असेल, तोंड मागे अडचणीत असेल किंवा खाली एक्झॉस्ट असेल तर नरसाळं घ्याच. माझ्या हातून एकदा हलकं, गुळगुळीत नळीचं नरसाळं कलंडलं आणि पाव लिटरभर ऑइल थेट एक्झॉस्टच्या बाजूला सांडलं, पुसलं तेवढं पुसलं, पण दुसऱ्या दिवशी इंजिन तापल्यावर बॉनेटखालून धूर यायला लागला आणि मी गाडी बाजूला घेऊन पळत सुटलो. आग लागली नाही. पण गरम धातूवर सांडलेलं ऑइल पेटू शकतं, हे लक्षात ठेवून मी तेव्हापासून नरसाळ्याकडे बघतो.

घेताना सगळ्यात आधी काय बघायचं?

खालचं टोक. लोक वरचा आकार, रंग बघतात, पण नरसाळं बसणार कुठे तर खालच्या टोकावर. तुमच्या गाडीचं बॉनेट उघडा, ऑइलचं झाकण काढा आणि आतला व्यास पट्टीने मोजा, कूलंटच्या टाकीचा मोजा, वॉशरच्या (काच धुवायच्या पाण्याच्या) टाकीचा मोजा. नळी त्या तोंडात किमान दोन-तीन सेंटिमीटर आत गेली पाहिजे आणि नरसाळं हात सोडल्यावर उभं राहिलं पाहिजे. जे हाताने धरूनच ठेवावं लागतं ते नरसाळं कामाचं नाही, कारण चार लिटरचा कॅन दोन हातांनी धरावा लागतो, मग नरसाळं धरायला तिसरा हात आणायचा कुठून?

आणि अजून एक, नळी आत फार खोल जाऊन कशाला टेकत नाही ना ते पण बघा. काही इंजिनांत झाकणाच्या लगेच खाली पत्र्याची आडवी पट्टी असते, लांब नळी तिच्यावर जाऊन बसते आणि मग ऑइल खाली जायच्या ऐवजी वर तुंबतं.

आटे असलेली नरसाळी पण मिळतात, म्हणजे झाकण जसं फिरवून बसतं तसंच हे फिरवून बसतं. दर वेळी तीच गाडी असेल तर यासारखं सुख नाही, कलंडायचा प्रश्नच मिटतो. पण आटे कंपनीप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे बदलतात, तेव्हा आपल्या गाडीला बसेल याची खात्री करूनच घ्या.

वरचं तोंड किती मोठं असावं?

कॅनमधून ओतणार असाल तर मोठं, काठ उंच असलेलं. बॉनेटखाली जागा किती आहे ते बघून. काठ एका बाजूला उंच असलेली असतात ती मला आवडतात, पहिला झोत जोरात आला तरी बाहेर उडत नाही.

ओतताना मध्येच तुंबतं आणि गुडगुड करून वर उसळतं, ते का?

हवा. टाकीत द्रव आत जातोय म्हणजे तेवढीच हवा बाहेर यायला पाहिजे. नरसाळ्याची नळी तोंडात घट्ट बसली तर हवेला वाट राहत नाही, मग ती द्रवातूनच वर येते आणि येताना उडवते. चांगल्या नरसाळ्याच्या नळीवर बाहेरून उभ्या कडा असतात किंवा बाजूला खाच असते, ती नक्षी नाही, हवा निघायला ठेवलेली वाट आहे. तुमच्याकडे गुळगुळीत नळीचं असेल तर ओतताना नरसाळं अर्धा सेंटिमीटर उचलून धरा, लगेच फरक दिसेल.

जाड ऑइल फारच हळू उतरतं. दुसरं नरसाळं घेऊ का?

नळी किती रुंद आहे ते बघा. जाड द्रव अरुंद नळीतून वाहताना नळीच्या व्यासाचा परिणाम चौथ्या घाताने होतो, म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून आतला व्यास दुप्पट केला तर प्रवाह १६ पट होतो. आणि नळी लांब झाली की त्या प्रमाणात वेग कमी होतो. म्हणून ७५डब्ल्यू-९० सारखं गिअर ऑइल बारीक लांब नळीतून ओतायला बसलात तर संध्याकाळ होते. बसेल तेवढी रुंद आणि पुरेल तेवढीच लांब नळी घ्या.

थंडीत ऑइलची बंद बाटली थोडा वेळ गरम पाण्याच्या बादलीत उभी करून ठेवली तरी खूप सोपं जातं. ओतायच्या आधी बाटली बाहेरून नीट पुसा, नाहीतर पाण्याचे थेंब ओघळून आत जातात.

प्लास्टिकचं की पत्र्याचं?

बहुतेक कामांना प्लास्टिक, पण कुठलंही प्लास्टिक नाही. नरसाळ्याच्या खाली किंवा आत त्रिकोणात आकडा असतो तो बघा. २ म्हणजे एचडीपीई आणि ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ही दोन्ही ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल सगळ्याला टिकतात आणि पेट्रोल ओतण्यापुरतं पण चालतात. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, ते कडक चकचकीत असतं आणि पेट्रोलमध्ये विरघळतं, ते नको. आकडाच नसेल तर मी घेत नाही.

पत्र्याचं मजबूत असतं, उन्हात तडकत नाही. पण त्यावर जस्ताचा मुलामा असतो, तो डिझेलशी आणि डीईएफशी (डिझेल गाडीचा धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत टाकतात ते द्रव) जमत नाही, आणि मुलामा निघाला की आतून गंज धरतो आणि गंजाची पूड द्रवाबरोबर आत जाते. धातूचंच हवं असेल तर स्टेनलेस स्टील घ्या.

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकताना धातूचं नरसाळं अजिबात वापरू नका. टर्मिनलला आणि शेजारच्या धातूला एकदम टेकलं तर शॉर्ट होऊन ठिणगी पडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. तिथे छोटं, कोरं, फक्त त्याच कामाचं प्लास्टिकचं नरसाळं.

सिलिकॉनचं घडी होणारं कसं?

कूलंट, वॉशरचं पाणी यांना छान, आणि गाडीत ठेवायला जागा पण लागत नाही. पेट्रोल-डिझेलला नको, साधं सिलिकॉन त्यात फुगतं आणि लिबलिबीत होतं. शिवाय भरलं की मऊ काठ वाकतो, म्हणून मी ते अडचणीपुरतंच धरतो.

एकच नरसाळं धुऊन सगळ्याला वापरलं तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मी नेहमी कळकळीने देतो. नाही. निदान ब्रेकसाठी तरी नाही.

घोळ होतो तो नावामुळे. आपण सगळे त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ हे ऑइल नाहीच, ते ग्लायकॉलवर आधारलेलं वेगळंच द्रव आहे, आणि ब्रेकमधले रबरी सील त्यालाच सोसतील अशा रबराचे बनवलेले असतात. त्या रबराला इंजिन ऑइल लागलं की ते फुगतं. नरसाळ्याच्या भिंतीला चिकटलेलं थोडंसं इंजिन ऑइल मास्टर सिलिंडरच्या डबीत (ब्रेक ऑइल जिथे ओततात ती) गेलं आणि तिथून पसरलं की सील फुगतात, ब्रेक सुटत नाहीत किंवा लागत नाहीत, आणि मग नुसतं द्रव बदलून भागत नाही, रबराचे भाग बदलावे लागतात. नरसाळं जेवढ्याचं असेल त्याच्या कित्येक पट खर्च, आणि प्रश्न ब्रेकचा आहे, पैशाचा नंतर.

दुसरी गोष्ट पाणी. हे द्रव हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान १५५ वर येतो. म्हणजे एवढंसं पाणी आणि एवढा फरक. घाटात उतरताना ब्रेक तापले की ते पाणी वाफ होतं, वाफ दाबली जाते, आणि पेडल खाली जातं. धुतलेल्या ओल्या नरसाळ्यातून ब्रेक ऑइल ओतणं म्हणजे हीच तयारी करणं. (डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते वेगळं, नाव जवळचं म्हणून ५.१ च्या जागी ते टाकू नका.)

खरं म्हणजे ब्रेकच्या डबीला नरसाळं बहुतेक वेळा लागतच नाही. तोंड रुंद असतं आणि द्रव थोडंसंच टाकायचं असतं, तर नव्या कोऱ्या सिरिंजने किंवा बारीक चोचीच्या बाटलीने टाका. आणि ब्रेक ऑइल रंग खातं, तेव्हा डबीच्या आजूबाजूला फडका पसरून ठेवा आणि थेंब पडलाच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता, पण डबीचं झाकण आधी लावून.

बाकी द्रवांसाठी मी असं ठेवतो: इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल एक, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं वेगळं, कूलंट आणि वॉशरला एकेक, इंधनाला एक. प्रत्येकावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलेलं. रंग वेगळे मिळाले तर अजून बरं, कारण हात तेलकट असताना कोणी अक्षरं वाचत बसत नाही.

डीईएफला वेगळं का लागतं? ते तर पाण्यासारखंच आहे

दिसतं पाण्यासारखं, पण ते ३२.५ टक्के युरियाचं अतिशय शुद्ध द्रावण आहे आणि त्याची शुद्धता आयएसओ २२२४१ या मानकात ठरवून दिलेली आहे. काही गाड्यांवर त्याला अ‍ॅडब्लू लिहिलेलं असतं, दोन्ही एकच. तांबं, पितळ, जस्त यातलं काही त्यात उतरलं तर एक्झॉस्टमधल्या धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिस्टला ते मारक, म्हणून पितळी जाळीचं किंवा जस्ताच्या पत्र्याचं नरसाळं बाद. ज्यातून कधीही डिझेल ओतलंय ते पण बाद, डिझेलचे थोडे थेंब सुद्धा डीईएफच्या टाकीतल्या पंपाला आणि रबराला त्रास देतात. वापरल्यावर नरसाळं धुतलं नाही तर पांढरे खडे जमतात, ते साध्या पाण्यात विरघळतात, पण शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरने मारा.

जाळी असलेलं घ्यावं का?

इंधनाला हो. जुन्या कॅनमधून पेट्रोल ओतताना गंजाचे कण, पानाचे तुकडे, झाकणाच्या रबराचे बारीक कपचे येतात, ते जाळीत अडकतात. इंजिन ऑइल नव्या सीलबंद बाटलीतून ओतताना जाळीची गरज नाही, उगाच वेळ जातो आणि जाळीतलं जुनं ऑइल कधीच पूर्ण धुतलं जात नाही.

पाणी वेगळं करणारी इंधनाची नरसाळी असतात, त्यांच्या बारीक जाळीवर असा लेप असतो की इंधन आरपार जातं आणि पाणी खालच्या खोलगट भागात थांबतं. शेवटी जे थोडं उरतं ते गाडीत ओतायचं नाही, बाजूच्या बाटलीत काढायचं, तिथेच पाणी असतं. इथेनॉलमध्ये आधीच मिसळून गेलेलं पाणी मात्र ही जाळी अडवत नाही. आणि साबणाने धुऊन साबण राहिला तर लेपाचा गुण जातो.

कूलंट भरायचं ते मोठं बादलीसारखं नरसाळं घेण्यासारखं आहे का?

ज्या गाडीत रेडिएटरवर किंवा टाकीवर झाकण आहे आणि तुम्ही स्वतः कूलंट बदलता, तिथे माझं उत्तर ठाम हो. त्याबरोबर वेगवेगळ्या झाकणांच्या मापाचे जोड येतात, आपल्या तोंडाला बसणारा जोड लावायचा, वर नरसाळं बसवायचं, ते थोडं भरून ठेवायचं. मग हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन चालू ठेवायचं. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट मोकळी करणारी झडप) उघडला की अडकलेली हवा बुडबुडे होऊन वर येते आणि तिच्या जागी कूलंट आपोआप खाली जातं. बुडबुडे बंद झाले की इंजिन थंड होऊ द्यायचं, बरोबर आलेल्या दांडीने बूच बसवायचं आणि उरलेलं कूलंट न सांडता उचलायचं. हवा अडकून राहिली की काही भाग जास्त तापतो आणि काट्यावर ते दिसतंच असं नाही, म्हणून मी याला चैन मानत नाही.

गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. आत साधारण १ बारच्या आसपास जादा दाब असतो, त्यामुळे १०० अंशाच्या वर सुद्धा ते उकळत नाही, आणि झाकण निघालं की एका क्षणात उकळून तोंडावर येतं.

कूलंटचं नरसाळं वापरून झालं की उघड्यावर ठेवू नका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी आहे, कुत्री-मांजरं चाटतात, लहान मुलं हात लावतात.

पेट्रोल कॅनमधून ओतलं तर आत जातच नाही, बाहेर येतं

तुमच्या गाडीला इंधनाचं फिरकीचं झाकण नसेल. काही गाड्यांत तोंडाशी स्प्रिंगचा पडदा असतो आणि तो योग्य जाडीचा नोझल आत गेल्यावरच उघडतो. साधारण पेट्रोलचा नोझल २१ मिलिमीटरच्या आसपास आणि डिझेलचा त्याहून जाड असतो, डिझेलच्या काही गाड्यांत तर बारीक पेट्रोल नोझल आत जाऊच नये अशी सोय असते. साधं नरसाळं तो पडदा उघडू शकत नाही. अशा गाडीबरोबर बहुतेक वेळा कंपनीचं खास नरसाळं येतं, स्टेपनीजवळ किंवा टूलकिटमध्ये बघा, पुष्कळ लोकांना ते आपल्या गाडीत आहे हेच माहीत नसतं. पडदा पेचकसाने ढकलून उघडू नका, वाकला तर नीट बंद होत नाही.

पेट्रोल ओतताना मोकळ्या हवेत, इंजिन बंद, आणि कॅन भरायचा असेल तर जमिनीवर ठेवून. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशाला सुद्धा पेटण्याइतकी सुटते, ठिणगीला निमित्त लागत नाही.

गिअरबॉक्सला कोणतं?

डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीतूनच ऑइल टाकायचं असेल तर लांब, बारीक, लवचीक नळीचं. ते फक्त त्यालाच ठेवा, कारण लांब नळी आतून पुसता येत नाही आणि आतल्या वळ्यांत मागचं द्रव राहतं. बाजूला बूच असलेल्या गिअरबॉक्सला किंवा डिफरन्शियलला वरून पारदर्शक पाइप सोडून त्याला नरसाळं लावतात, पण हातपंप जास्त सोपा.

बाइकला?

छोटं, नळी तिरकी असलेलं. भोक अडचणीत असतं आणि ऑइल बहुतेक बाइकना एक-दीड लिटरच्या आसपास, मोठं नरसाळं तिथे बसतच नाही.

बाटली कापून केलेलं चालत नाही का?

वॉशरच्या पाण्याला चालतं. इंजिनला अडीनडीला, कापलेला काठ नीट पुसून, कारण कापताना प्लास्टिकचा कीस पडतो आणि तो ऑइलबरोबर आत जातो. आधी त्या बाटलीत काय होतं ते पण महत्त्वाचं, आत पाण्याचा थेंब नको. ब्रेकला नाही.

झडप असलेलं घेतलं तर फायदा होतो का?

होतो. नरसाळ्यात जास्त झालं की झडप बंद करून ते तसंच उचलता येतं, सांडत नाही. साधारण कारमध्ये डिपस्टिकच्या खालच्या आणि वरच्या खुणेत लिटरभराचा फरक असतो, तेव्हा शेवटचं पाव लिटर थांबून थांबून टाकावं लागतं, त्यासाठी झडप फार कामाची. फक्त झडपेच्या फटीत घाण बसते, ती साफ करायची आठवण ठेवा.

धुवायचं कसं, ठेवायचं कसं?

आधी उलटं ठेवून पूर्ण निथळू द्या, मग लव न सुटणाऱ्या कापडाने पुसा. साबणाने धुतलं तर पूर्ण वाळल्याशिवाय वापरायचं नाही. जुनी चिंधी वापरू नका, तिचे धागे नळीत राहतात आणि पुढच्या वेळी इंजिनात जातात. वाळलं की झिपवाल्या पिशवीत बंद करून ठेवा, गॅरेजमध्ये उघडं टांगलं तर धूळ आणि कोळ्याची जाळी आत धरते, आणि तेलकट भिंतीवर धूळ घट्ट बसते. उघडं राहिलं असेल तर ओतायच्या आधी नळीतून उजेडाकडे बघायची सवय लावा.

एकदा गाडीला वापरलं की स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही, कितीही धुतलं तरी.

कधी टाकून द्यायचं?

काठाला किंवा नळीच्या मुळाशी बारीक तडे दिसले, प्लास्टिक पांढरट पडून नखाने पूड निघायला लागली, पत्र्याच्या आत गंज आला किंवा जाळी काठापासून सुटली की लगेच. तडा नळीच्या मुळाशी असेल तर नरसाळं भरल्यावर वजनाने तिथूनच तुटतं. आणि आधी यातून काय ओतलं होतं हे आठवत नसेल तर ते ब्रेकच्या, डीईएफच्या आणि गिअरबॉक्सच्या कामातून काढा, वर 'जुनं ऑइल' असं लिहा, आणि काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरायला ठेवा.